जुनी ब्रनो .२२ रायफल घ्यायची आहे, काय काय बघू?

गिरगावकर: वरळीच्या रेंजवर सराव करतो. दादरच्या एका काकांकडे त्यांच्या वडिलांची ब्रनो मॉडेल २ आहे, बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे मागचा दांडा (बोल्ट) हाताने ओढून काडतूस भरायची. दस्त्याला नवं पॉलिश, एकदम चकाचक. माझं लायसन्स आहे. बघायला जाताना काय तपासू?

जुना_नेमबाज: नवं पॉलिश म्हटलं की मला आधी संशय येतो. दस्ता उतरवायला लाव. आपल्या पावसाळ्यात गंज लाकडाखालीच धरतो, वरून काही कळत नाही. रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री कर, बोल्ट काढ, नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धर आणि मागून आत बघ. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, धारदार हवेत. तोंडाच्या कडेला टवका असेल तर नेम भरकटणार.

खरी गोम चेंबरपाशी, म्हणजे नळीत काडतूस बसतं तिथे. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. पोरांनी वर्षानुवर्षं रिकामाच चाप ओढला असेल तर चेंबरच्या काठावर खाच पडते, मग काडतूस अडकतं. टॉर्च घेऊन जा.

गिरगावकर: आणि चालवून?

जुना_नेमबाज: काकांनाच रेंजवर बोलव, ५० मीटरवर त्यांच्याच हातून पाच-पाच गोळ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एकाच काडतुसावरून रायफलला नावं ठेवू नकोस.

माहीमचा_वकील: आधी रायफलवरचा नंबर काकांच्या लायसन्सशी ताडा. वडिलांच्याच नावावर असेल तर तिथेच थांबा. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे विकणाऱ्याने पोलिसांना लेखी कळवल्यावर ४५ दिवस जावे लागतात. तोवर बयाणासुद्धा नको.