सेकिगाहारात हरूनही टिकलेले शिमाझु

वर कुणीतरी लिहिलंय की जपानमधल्या 1600 सालच्या सेकिगाहाराच्या लढाईत हरलेली सामुराई (योद्धा) घराणी तिथेच संपली. पुष्कळशी संपली हे खरं, पण दक्षिण जपानमधल्या सात्सुमा प्रांताच्या शिमाझु घराण्याला कृपया त्या यादीत घालू नका.

या लढाईत साठी उलटलेल्या शिमाझु योशिहिरोकडे जेमतेम दीड हजार माणसं होती. लढाई हातची गेली तेव्हा मागे फिरायची सोय नव्हती, म्हणून तो सरळ समोर, लढाई जिंकून पुढे जपानचा सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासुच्या फौजेतूनच वाट काढत निघाला. पाठलाग रोखायला मोजके बंदूकधारी रस्त्यावर बसकण मारायचे आणि मरेपर्यंत जागा सोडायचे नाहीत. पुतण्या तोयोहिसा याच माघारीत पडला. तोकुगावांचा नावाजलेला सरदार ई नाओमासा पाठलागात गोळी लागून जखमी झाला. सात्सुमाला परतले ते शंभराच्याही आत. सात्सुमातल्या कागोशिमा शहरात आजही दरवर्षी लोक या माघारीच्या स्मरणार्थ जवळच्या इजुइन गावापर्यंत साधारण 20 किलोमीटर चालत जातात, काही जण तर चिलखत घालून!

पुढे 1602 साली इएयासुने शिमाझुंचा मुलूख कायम केला. क्यूशू बेटाच्या पार दक्षिण टोकावर, म्हणजे सात्सुमावर, स्वारी करणं त्यालाही जड गेलं असतं, असं मला वाटतं. 1609 मध्ये शिमाझुंनी र्‍युक्यू (आजचं ओकिनावा) हे बेटांचं राज्य जिंकलं, पण राजाला गादीवरच ठेवलं, त्यामुळे चीनशी व्यापार चालू राहिला.

आणि 1868 मध्ये जपानवरची तोकुगावा घराण्याची सत्ता उलथवण्यात पुढे कोण होतं? सात्सुमा आणि चोशू. चोशू प्रांताचं मोरी घराणंही सेकिगाहारात हरलेल्यांपैकीच.