मदत हवी आहे : समुद्रात पोहताना जेलीफिशचा दंश झाला, नेमकं काय करायला हवं होतं?

नमस्कार मंडळी,

गेले दोन उन्हाळे मी समुद्रात पोहते आहे. आमचा सहा जणांचा गट आहे. उजाडता उजाडता पाण्यात उतरतो, किनाऱ्याला समांतर दीडेक किलोमीटर पोहतो आणि ऊन चढायच्या आत बाहेर येतो. या वर्षीपासून माझी चौदा वर्षांची लेकही आमच्याबरोबर येते.

गेल्या रविवारी काठापासून शंभर-दीडशे मीटर आत असताना डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत चटका बसला. तापल्या तव्याला हात लागावा तसा. पण तव्यावरून हात काढून घेता येतो, हा चटका हाताबरोबरच आला. श्वास अडकला, दोन घोट खारं पाणी पोटात गेलं आणि क्षणभर कुठल्या दिशेला किनारा आहे तेच कळेना. शेजारून पोहणाऱ्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. तिने कमरेला बांधलेला नारिंगी फुगा माझ्याकडे ढकलला आणि त्याच्या आधाराने मी बाहेर आले.

खरा गोंधळ वाळूवर झाला. एकाने मूठभर ओली वाळू घेऊन हात चोळला. दुसऱ्याने पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली. दोन्ही वेळा आग कमी व्हायच्या ऐवजी भडकली. तिसरा व्हिनेगर मिळतं का बघायला धावला, चौथ्याने लघवीचा उपाय सुचवला, त्याला मी नको म्हटलं. त्यांच्यातल्या कुणावरही माझा राग नाही, सगळे काळजीनेच धावले होते. पण आमच्यातल्या एकालाही खात्रीने काही माहीत नव्हतं, हे मनातून जात नाही. माझ्या जागी लेक असती तर?

हातावर माळेतल्या मण्यांसारखे लाल वळ उठले होते. ते तीन दिवसांत बसले, आता नुसती खाज आहे. घरी येऊन वाचायला बसले तर एके ठिकाणी व्हिनेगर लावाच, दुसऱ्या ठिकाणी चुकूनही लावू नका. कुणी गरम पाणी म्हणतं, कुणी बर्फ. यातलं खरं काय? पिशवीत काय ठेवायचं? आणि पाण्यात उतरायच्या आधीच धोका ओळखता येतो का? पोहणं सोडायचं नाहीये, म्हणूनच विचारते आहे.

प्रतिसाद १

ताई, मी लांब पल्ल्याचं पोहतो, दंश अनेकदा झेलले आहेत. औषधाचं जाणकार सांगतील, मी पाण्यातलं सांगतो. तुमच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचा क्षण वाळूवरचा नव्हता, तो श्वास अडकल्याचा होता. बहुतेक दंश जीव घेत नाहीत, पण दचकून माणूस पाणी प्यायला आणि हातपाय झाडू लागला की बुडू शकतो.

म्हणून चटका बसला की आधी पोहणं थांबवा. पाठीवर व्हा, तोंड आभाळाकडे, आणि दहा श्वास मोजून बाहेर सोडा. त्या दहा श्वासांत दोन गोष्टी कळतात : दुखणं वाढतंय की स्थिर आहे, आणि आजूबाजूला आणखी जेलीफिश आहेत का. हाताला दोरे चिकटले असतील तर पाण्यात ओढत बसू नका. दुसऱ्या हाताला लागतील. जोडीदाराला हाक मारा, हात उंच करा आणि सरळ काठ गाठा. 'जरासंच आहे, उरलेलं अंतर पुरं करू' हा मोह मी एकदा केला आणि तो फार महागात पडला. पाऊण तासाने उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मी अजून पाण्यातच होतो.

आणि एकट्याने कधीही नाही. तुमच्या मैत्रिणीच्या फुग्याने त्या दिवशी तुम्हाला सावरलं.

प्रतिसाद २

मी आपत्कालीन विभागात काम करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण कारण समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

जेलीफिशच्या शुंडकांवर, म्हणजे खाली लोंबणाऱ्या दोऱ्यांवर, हजारो दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत गुंडाळलेली, विषाने भरलेली नळी असते. स्पर्श झाला की ती उलटून बाहेर फेकली जाते आणि त्वचेत घुसते. हायड्रा या जेलीफिशच्या नात्यातल्या जीवावर मोजलंय, नळीचं टोक बाहेर फेकलं जाणं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात घडतं. यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही, जेलीफिशला मेंदूच नसतो. त्यामुळे तुटलेलं शुंडक डसतं आणि वाळूवर मरून पडलेली जेलीफिशसुद्धा डसते. मुलांना हे आवर्जून सांगा.

तुम्हाला दंश झाला तेव्हा काही पेशी फुटल्या होत्या, पण त्वचेवर चिकटलेल्या कितीतरी अजून भरलेल्या होत्या. वाळूने चोळल्यावर त्या दाबाने फुटल्या. गोड्या पाण्याने क्षारांचा तोल बदलला की त्यातल्याही फुटतात. म्हणून दोन्ही वेळा आग वाढली. लघवी, दारू, घट्ट पट्टी, टॉवेलने खसाखसा पुसणं हे सगळं याच कारणाने टाळायचं. धुवायचं ते समुद्राच्याच पाण्याने, वरून हलकेच ओतून. उरलेले दोरे चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचलायचे, खरवडायचे नाहीत.

आता व्हिनेगर. तुम्ही वाचलेले दोन्ही सल्ले खरे आहेत, ते वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियात सापडणारी कायरोनेक्स फ्लेकेरी ही बॉक्स जेलीफिश काही मिनिटांत माणसाचा जीव घेऊ शकते. तिच्या दंशावर व्हिनेगर किमान ३० सेकंद भरपूर ओततात. त्याने न फुटलेल्या पेशी बंद पडतात. वेदना मात्र व्हिनेगरने कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. याउलट क्रायसाओरा जातीच्या काही जेलीफिशांवर आणि भूमध्य समुद्रातल्या जांभळट पेलाजियावर व्हिनेगर टाकलं तर पेशी आणखी फुटतात. तिथे समुद्राच्या पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याचा लेप देतात. निळ्या फुग्याची ब्लूबॉटल तर खरी जेलीफिशच नाही, ती अनेक जीवांची मिळून झालेली वसाहत आहे. तिच्यावर व्हिनेगर लावावं की नाही यावर अजूनही मतभेद आहेत, ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक सूचना नको म्हणतात. म्हणून आपण पोहतो त्या पाण्यात कोणती जात येते हे जीवरक्षकांना आणि मच्छीमारांना आधीच विचारून ठेवा. व्हिनेगर बरोबर घ्यायचं की नाही याचं उत्तर तिथूनच मिळेल.

वेदनेसाठी बहुतेक दंशांवर गरम पाणी उपयोगी पडतं, सुमारे ४५ अंश सेल्सिअस, २० मिनिटं. दंशाचा भाग त्यात बुडवून ठेवायचा. विषातले घटक उष्णतेने निकामी होतात. गरम पाणी नसेल तर कोरड्या पिशवीत बांधलेला बर्फ चालेल, पण तो वितळून गोडं पाणी त्वचेवर ओघळू देऊ नका.

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा : धाप लागणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, छातीत दुखणं, वारंवार उलट्या, ग्लानी, कंबर-पोटात पिळवटून दुखणं आणि घामाघूम होणं. अर्ध्या हातापायाहून मोठ्या भागावर वळ असतील, दंश डोळ्याला किंवा तोंडात असेल, तरीही. श्वास थांबला तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. डोळ्यात व्हिनेगर कधीच नाही.

एक गोष्ट खास सांगते. इरुकांजी नावाची बॉक्स जेलीफिश नखाएवढी असते. तिचा दंश सुरुवातीला जाणवतही नाही, खरा त्रास साधारण अर्ध्या तासाने सुरू होतो. या आजाराचं मूळ शोधण्यासाठी जॅक बार्न्स या डॉक्टरांनी १९६१ साली स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला दंश करवून घेतला होता. तिघांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. मुलावर हा प्रयोग करणं मला आजही पटत नाही, पण त्यामुळे अपराधी प्राणी सापडला. यातून तुमच्यासाठी एवढंच : दंशानंतर किमान तासभर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि परत पाण्यात उतरू देऊ नका.

तुमची खाज ही उशिरा येणारी प्रतिक्रिया वाटते. ती आठवडा-दोन आठवडे येऊन जाऊन राहू शकते. फोड आले, पू झाला किंवा सूज पसरली तर डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. आणि पुढचा दंश याहून तीव्र लागू शकतो, हे गटातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

प्रतिसाद ३

धाग्याला धरूनच विचारतो. मला चटका कधीच बसला नाही, पण पोहून आल्यावर फक्त कपड्याखालच्या भागावर बारीक पुरळ येतं. हेही जेलीफिशचंच का?

प्रतिसाद ४ (प्रतिसाद २ लिहिणारी)

शक्यता आहे. काही जेलीफिशांची अळी टाचणीच्या डोक्याएवढी असते आणि कपड्यात अडकते. अंगाला घासली किंवा वर गोडं पाणी पडलं की डसते. म्हणून आधी पोहण्याचा कपडा उतरवा, मग अंघोळ करा. कपडा गरम पाण्यात साबण घालून धुतल्याशिवाय पुन्हा घालू नका.

प्रतिसाद ५

मी जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आहे. उतरायच्या आधी काय बघायचं, हा प्रश्न राहिला म्हणून लिहितो.

आधी भरतीची रेघ चालत जाऊन बघा. वाळूवर काचेसारखे गोळे किंवा निळे फुगे पडले असतील तर पाण्यात त्याहून जास्त आहेत असं समजा. दुसरं, वारा. ब्लूबॉटलला पोहता येत नाही, तिचा फुगा शिडासारखा वाऱ्यावर चालतो. दोन दिवस वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असेल तर त्या दिवशी थांबा. तिची शुंडकं साधारण दहा मीटर लांब असतात, ३० मीटरपर्यंतही जातात, त्यामुळे फुगा लांब दिसला म्हणजे आपण सुरक्षित, असं होत नाही. बॉक्स जेलीफिश मात्र स्वतः पोहते, तिला २४ डोळे असतात आणि पाण्यात ती जवळजवळ दिसत नाही. तिच्या प्रदेशात नजरेवर भरवसा ठेवू नका, जाळी लावलेल्या जागेतच पोहा. जांभळा झेंडा म्हणजे पाण्यात धोकादायक जीव आहेत. एकावर एक दोन लाल झेंडे म्हणजे पाणी बंद. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली असते. झेंडा नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

अंगभर लायक्राचा पातळ पोशाख घाला. कापड जाड असायची गरज नाही, शुंडकाचा त्वचेला थेट स्पर्श टळला की पुष्कळ झालं. चेहरा, हाताचे पंजे, पावलं उघडी राहतात, तेवढं ध्यानात ठेवा. क्युबा ते फ्लोरिडा पोहण्याच्या प्रयत्नांत अमेरिकन जलतरणपटू डायना नायड यांना जेलीफिशांनी बेजार केलं होतं. २०१३ साली, वयाच्या ६४व्या वर्षी, त्या अंगभर पोशाख आणि चेहऱ्यावर खास मुखवटा घेऊन उतरल्या आणि पलीकडे पोहोचल्या.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. वाळूने आग का भडकली हे कळल्यावर फार हलकं वाटलं. मैत्रिणीला हा धागा पाठवला, तिने प्रतिसाद १ वाचून फक्त 'दहा श्वास' एवढंच उत्तर पाठवलं.

इथल्या मच्छीमारांना विचारून आले. या दिवसांत ब्लूबॉटल येतात, बॉक्स जेलीफिश त्यांच्या जाळ्यात कधी आलेली नाही. म्हणून पिशवीत व्हिनेगर ठेवत नाही. चिमटा, हातमोजे, गरम पाण्याचे दोन मोठे थर्मास आणि एक पसरट बादली ठेवली आहे. लेकीसाठी अंगभर पोशाख घेतला. एकच अडचण : घाईत ४५ अंश ओळखायचं कसं? तिचा हात भाजला तर?

प्रतिसाद ६ (प्रतिसाद २ लिहिणारी)

बाळाच्या अंघोळीचं पाणी मोजायचा तापमापक मिळतो, तो पिशवीत टाका. तो नसेल तर पाणी आधी दंश न झालेल्या माणसाने स्वतःच्या हातावर बघायचं. ज्याला दंश झालाय त्याला विचारू नका, वेदनेत त्याला उष्णतेचा अंदाज येत नाही. सोसवेल इतपत कढत, चटका न देणारं, असं पाणी हवं. ते निवत जाईल तसं दुसऱ्या थर्मासमधलं थोडं थोडं घालत राहा, पण घालताना हात बाहेर काढून घ्या.

धागाकर्ती

आज सकाळी भरतीची रेघ बघितली. दोन निळे फुगे पडले होते आणि वारा समुद्राकडून होता. उतरलो नाही. थर्मास उघडून सहाही जणांनी आणि लेकीने पाणी ४५ अंशांवर आणायचा सराव केला. पहिल्या खेपेला नऊ मिनिटं लागली, तिसऱ्या खेपेला चार. लेकीने गुडघाभर पाण्यात पाठीवर होऊन दहा श्वास मोजायचाही सराव केला, मी तिच्या डोक्याखाली हात धरून उभी होते. वारा फिरला की पुन्हा जाऊ, तेव्हा इथे कळवेन.