ग्वाटेमालाची मिशन ट्रिप: डोंगरातला बसचा प्रवास, मुलाला पाठवावं का?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

आमचा मुलगा इथे अमेरिकेत अकरावीत आहे. त्याच्या मित्राच्या चर्चचा युवा गट जुलैमध्ये मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाला मिशन ट्रिपवर, म्हणजे चर्चच्या सेवाकार्यासाठी, चाललाय आणि त्यांनी यालाही बोलावलंय. विमानाने ग्वाटेमाला सिटी, तिथून बसने आतितलान तळ्याकडच्या गावांत. दिवसा चुली बांधायच्या, संध्याकाळी प्रार्थना. आम्ही हिंदू, घरात शाकाहारी. मित्राचं घर फार चांगलं आहे. पण सासूबाई म्हणतात, "धर्म बदलायला नेतायत." नवऱ्याला बसची धास्ती, कारण तिथल्या रंगीबेरंगी बस घाटात कशा वळतात त्याचे व्हिडिओ त्याने पाहिलेत. कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रेषक: सुनीता

अनघा, बरं झालं विचारलंस. मी नगरची, ख्रिस्ती, आणि आमच्या चर्चच्या मुलांना घेऊन याच रस्त्याने गेले आहे.

आधी सासूबाईंची शंका. ती उडवून लावू नकोस. ही चर्चची ट्रिप आहे. सकाळी प्रार्थना, बसमध्ये उपासनेची गाणी, रात्री गोल करून बसायचं आणि आज देवाने मला काय दाखवलं ते प्रत्येकाने सांगायचं. तुझ्या मुलावरही पाळी येईल. "मी फक्त ऐकतो" असं तो म्हणाला तर चालेल का, ते लीडरला आत्ताच लेखी विचार. गावात पत्रकं वाटणार का, घरोघर जाऊन सुवार्ता सांगणार का, हेही विचार. चांगला लीडर सरळ उत्तर देईल. गुळमुळीत उत्तर आलं तर पाठवू नकोस. आणि कॉलेजच्या अर्जात सेवेचे तास दिसावेत म्हणून पाठवणार असाल तर मुळीच नको. ज्यांच्या घरात तो जाणार, त्यांच्यावर तो अन्याय आहे.

आता बस. व्हिडिओतल्या त्या रंगीत बसना तिथे कामियोनेता म्हणतात. त्यांच्यावर लूटमार होते, चालकांकडून टोळ्या खंडणी उकळतात, आणि अमेरिकेचं परराष्ट्र खातंही त्या टाळायला सांगतं. चर्चचे गट सहसा स्वतंत्र बस ठरवतात, तशीच ठरवली आहे ना, खात्री करून घे. जुलै म्हणजे पावसाळा. पाऊस बहुतेक दुपारनंतर धरतो आणि डोंगरात दरडी येतात, म्हणून पहाटे निघून उजेडात पोचायला हवं. रात्रीचा प्रवास नाही, हे लीडरकडून वदवून घे.

रस्ता असा: राजधानीतून इंटरअमेरिकाना महामार्ग धरायचा. चिमाल्तेनांगोपाशी गाड्या तुंबतात, मग चढ लागतो, हवा गार होते, मुलं स्वेटर शोधायला लागतात. लोस एन्क्वेन्त्रोसला मोठा फाटा आहे. तिथून सोलोलामार्गे खाली पानाहाचेलला उतरताना एका वळणावर अख्खं तळं आणि पलीकडचे तीन ज्वालामुखी समोर येतात. फाट्यावर बायका पिशवीतून चिरलेला आंबा विकतात, वर लिंबू, मीठ आणि भोपळ्याच्या बियांची पूड. पोट बिघडेल म्हणून मुलांना घेऊ देत नाही, पण वास मात्र बसभर भरतो.

या प्रवासात मी एकच नियम कडक पाळते. बस सुटली की कानातले इअरफोन काढायचे. गटाबरोबर बहुधा तिथलेच कोणी पाद्री असतात. आमच्याबरोबरचे पाद्री कक्चिकेल, म्हणजे तिथल्या मूळच्या माया लोकांपैकी, होते. पुढच्या सीटवर वळून बसायचे आणि खिडकीबाहेर बोट दाखवत सांगायचे, हे गाव जाळलं, त्या वळणावर लष्कराची चौकी होती. 1960 ते 1996 तिथे यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 1999 मध्ये सांगितलं की दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ओळख पटलेल्यांपैकी 83 टक्के माया होते. सगळ्यात क्रूर काळात, 1982-83 मध्ये, सत्तेवर होते जनरल रिओस मोंत. स्वतः इव्हँजेलिकल, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, कॅलिफोर्नियातल्या एका चर्चशी जोडलेल्या मंडळीचे सभासद. अमेरिकेतल्या कितीतरी ख्रिस्ती लोकांनी त्यांची पाठराखण केली. मी ख्रिस्ती आहे म्हणूनच हे मुलांना सांगते. बायबल हातात घेऊन त्या गावात उतरणाऱ्याला हे ठाऊक असलंच पाहिजे.

आणि त्याच तळ्याकाठच्या सांतियागो आतितलानला फादर स्टॅन्ली रोदर यांचं चर्च आहे. ओक्लाहोमाचे शेतकरी घरातले कॅथलिक धर्मगुरू, 1968 मध्ये आले, तिथल्या माया लोकांची त्सुतुहिल भाषा शिकले. ठार मारायच्या माणसांच्या यादीत नाव आल्यावर घरी गेले, पण लोकांना सोडवेना म्हणून परत आले. 28 जुलै 1981 च्या रात्री त्यांना गोळ्या घातल्या. देह ओक्लाहोमाला नेला, हृदय गावकऱ्यांनी आपल्याकडे ठेवून घेतलं. आमचा पंथ वेगळा, तरी पानाहाचेलहून लाँचने मुलांना तिथे नेल्याशिवाय मी परतत नाही.

आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी 1827 ला मुंबईत उतरल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. माझ्या घरात शिक्षण आलं ते अशा माणसांमुळे. आठवडाभर जाऊन येणाऱ्याला मी मिशनरी म्हणणार नाही. तो पाहुणा. पाहुण्यासारखं वागावं, ऐकावं, यजमान सांगेल ते काम करावं.

कामाचंही तसंच. उघड्या चुलीच्या धुराने तिथल्या बायकांची फुप्फुसं आणि डोळे जातात, म्हणून विटांची, वर लोखंडी पत्रा आणि धुराडं असलेली चूल खरोखर उपयोगाची. पण गवंडी गावचा आणि पगारी असावा, मुलांनी त्याच्या हाताखाली माल कालवावा. तसं नसेल तर गावातल्या माणसाचा रोजगार आपण बुडवतो.

जेवणाची काळजी नको. काळा घेवडा, भात, तळलेली केळी, आणि भाकरीसारख्या हातावर थापलेल्या मक्याच्या जाडसर तोर्तिया. पाणी फक्त बाटलीचं, दात घासायलाही. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडची लस आधी.

प्रेषक: विवेक

सुनीताताईंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त गाडीचं सांगतो. त्या कामियोनेता म्हणजे आपल्या मुलांच्याच जुन्या पिवळ्या स्कूल बस. इथे लिलावात विकत घेतात आणि मेक्सिकोतून चालवत नेतात. तिथे रंग, टपावर सामानाचा कॅरियर, आणि चढासाठी बरेचदा नवा गिअरबॉक्स. दोघांच्या बाकावर तिघं बसतात. आयुदान्ते म्हणजे क्लीनर दारात लटकून गावाचं नाव ओरडतो आणि चालत्या गाडीत मागच्या शिडीने टपावर चढतो.

ठरवलेल्या बसबद्दल मात्र तीन गोष्टी विचारा. सीटबेल्ट आहेत का, ब्रेक कधी तपासले, आणि पुढे केत्झाल्तेनांगो शहरापर्यंत जाणार असाल तर दुसरा चालक आहे का. त्या बाजूला आलास्का नावाची खिंड तीन हजार मीटरच्या वर आहे, धुकं दाट असतं. उतारावर ब्रेकपेक्षा गिअरवर गाडी उतरवणारा चालक हवा. सामान टपावर असेल तर पासपोर्ट आणि औषधं पोराच्या अंगावरच राहू देत.

प्रेषक: अनघा

सुनीताताई, विवेक, मनापासून आभार. तुमची दोन्ही पत्रं सासूबाईंना वाचून दाखवली. नगरचं ऐकून त्या म्हणाल्या, "मग त्या बाईंनाच विचार, तू तुझ्या मुलाला पाठवलं असतंस का?"

लीडरचं उत्तर आलं. मुलगा गप्प बसला तरी चालेल, असं त्यांनी लेखी दिलं. पत्रकं वाटणार नाहीत. गवंडी गावचाच आहे, रोजावर. बस ठरवलेली आहे, पण विमान दुपारी चारला उतरतं आणि त्याच संध्याकाळी पानाहाचेल गाठायचा बेत आहे.

प्रेषक: सुनीता

सासूबाईंना सांग, माझा मुलगा गेलाय त्याच रस्त्याने, आणि तुझ्यालाही पाठवलं असतं. पण चारला उतरून त्या संध्याकाळी नाही. पावसात घाटात अंधार होणार. पहिली रात्र राजधानीत किंवा जवळच्या अँतिग्वा शहरात काढा आणि पहाटे निघा, असं सांग. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे लागले तर पालकांनी मिळून भरावेत. लीडर ऐकत नसेल तर मला फोन लावून दे, मी बोलते त्यांच्याशी. बेत बदलला की मगच नोटरीकडे संमतीपत्रावर सही करायला जा.