बुरशी, खरूज, नारू : त्वचेचे आणि डोळ्यांचे आपापले अनुभव सांगा

पाऊस लागला की आमच्याकडे कोणी ना कोणी खाजवायला लागतं. यंदा खरूज निघाली. लेक वसतिगृहातून सुट्टीला आली तेव्हा बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या होत्या. घामोळं असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. ती परत गेली आणि महिन्याभराने सासूबाईंना सुरू झालं, मग मला. दिवसा फार नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की मनगटं, काखा, कंबर, बेंबीभोवती अशी खाज की डोळ्याला डोळा लागत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून मनगटावरची केसाएवढी वाकडी रेघ दाखवली. ते खरुजेच्या बारीक किड्याच्या मादीचं बीळ. ती कातडीत पोखरत जाते आणि तिथेच अंडी घालते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार-सहा आठवडे जातात. तोवर कोणाकडून आली त्याचा पत्ता लागत नाही, आणि घरातली माणसं एकमेकांची स्वच्छता काढू लागतात. त्याचं मला फार वाईट वाटलं. खरूज आंघोळ न केल्याने होत नाही, अंगाला अंग लागून होते. कितीही स्वच्छ घरात शिरते.

आम्हाला परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम दिलं होतं. गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांनासुद्धा, रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. मामंजी 'मला काही झालेलं नाही' म्हणून अडून बसले होते. त्यांच्यासाठी सगळं घर थांबलं, पण एकत्रच लावलं. चादरी-कपडे कढत पाण्यात. धुता येत नव्हतं ते पिशवीत आवळून ठेवलं, कारण अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. आणि एक, किडे मेल्यावरही काही आठवडे खाज राहते. घाबरून रोज मलम चोपडू नका, कातडी आणखी चिडते.

तुमच्याकडे काय झालं, कशाने चिघळलं, कशाने बरं झालं ते लिहा. औषधाचं नाव लिहिलंत तर ते कोणी दिलं तेही लिहा.

सांगलीकडून, घरची शेती

माझ्या दिराचं सांगते. उसाचं पाचट काढताना पात सपकन डोळ्याला लागलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, नुसतं पाणी. मेडिकलमधून थेंब आणले. दोन दिवसांत लाली उतरली, सगळ्यांना हायसं वाटलं. मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. शेजारपाजारचे म्हणाले, फूल पडलं. कोणी मध सांगितला, कोणी बाळंतिणीचं दूध. सासूबाईंनी एकाचंही ऐकलं नाही, तडक मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या माउलीमुळे डोळा राहिला.

त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. त्याने लाली जाते, पण आत बुरशीला रान मोकळं मिळतं. डॉक्टरांनी डोळा बधिर करून ठिपका खरवडला, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बुरशीचे धागे. वाढवून पाहिल्यावर फ्युजेरियम निघाली. ही मातीत, पाल्यापाचोळ्यात असतेच. नॅटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब सुरू झाले, दर तासाला, रात्रीसुद्धा. मी आणि जाऊबाई आळीपाळीने उठायचो. बाटली दर वेळी हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. डोळ्यात त्याचा पांढरा साका दिसतो, तो पू नव्हे. जखम भरायला महिने गेले. डाग राहिलाच. त्या डोळ्याने माणूस ओळखतात, अक्षर लागत नाही.

आता आमच्यात पाचट काढताना, मळणीला साधा चष्मा घालतात. ऊस, भात, कापूस, काहीही डोळ्याला लागलं तर आधी डोळा दाखवा. आणि काय लागलं ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावरून त्यांना बुरशीचा संशय येतो.

ठाणे

वरचं वाचून राहवलं नाही. कातडीचंही हेच आहे. धाकट्या भावाला जांघेत नायटा झाला. लोकलची गर्दी, घाम, जाड जीन्स. रूमवरची एक ट्यूब सगळ्यांत फिरायची: बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉल नावाचं कडक स्टेरॉइड एकत्र. लावलं की खाज गायब, थांबवलं की दुप्पट. नायट्याची नेहमीची उठावदार कड पुसली गेली, वर्तुळात वर्तुळं झाली, कंबरेपर्यंत पसरलं. जांघेतली कातडी पातळ होऊन लालसर भेगांसारखे वळ उठले, ते कायमचे.

२०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ट्यूब अजून हातोहात मिळते, याचा मला मनापासून राग येतो. शिवाय आता पसरलेली बुरशी जुन्या औषधाला दाद देत नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव तिला २०२० साली मिळालं, आणि तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध बऱ्याचदा चालत नाही. भावाला इट्राकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध बरेच आठवडे घ्यावं लागलं. डाग दिसेनासे झाले तरी डॉक्टरांनी गोळी लगेच थांबवली नाही. टॉवेल वेगळा, सैल सुती कपडे, अंतर्वस्त्रं उन्हात.

सोलापूर जिल्हा, निवृत्त शिक्षक

तरुण मंडळींनी नारू, म्हणजे कातडीतून निघणारा दोऱ्यासारखा जंत, पाहिलेला नाही, म्हणून लिहितो. आमच्या वडिलांना झाला होता. घोट्यावर फोड, आत आग आग. पाय पाण्यात घातला की फोड फुटे आणि पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर येई. ते काडीला गुंडाळायचं, रोज थोडं थोडं. ओढून तुटला तर पाय फुगून माणूस खाटेला खिळे. ऐन पेरणीत वडील ओट्यावर काडी धरून बसलेले मला आठवतात.

पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जिवातून नारूची अळी पोटात जाते, वर्षभराने मादी कातडीतून बाहेर पडते. आमची पायऱ्यांची विहीर, सगळे आत उतरून पाणी भरत. फुटलेल्या फोडाचा पाय तिथे बुडाला की अळ्या पाण्यात. ना लस, ना औषध. दुहेरी फडक्याने पाणी गाळणं, पायऱ्या बुजवणं, हातपंप, सायक्लॉप्स मारायला विहिरीत टेमेफॉस, एवढ्यावर हा रोग देशातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. गावोगाव फिरलेल्या आरोग्य सेवकांचे उपकार आहेत.

लंडन

माझ्या मैत्रिणीला कॉन्टॅक्ट लेन्समुळे डोळ्यात अकँथअमीबा या एकपेशीय सूक्ष्म जिवाची लागण झाली. हा नळाच्या पाण्यातही असतो. डोळा दिसायला जेमतेम लाल, पण दुखणं असह्य, पडदे ओढून बसायची. आधी नागिणीच्या जातीचा विषाणू समजून उपचार झाले. नंतर जंतुनाशक थेंब, तेही महिनोन्‌महिने. लेन्स घालून आंघोळ नको, पोहणं नको. डबी नळाखाली विसळू नका.

नाशिक

मुलाच्या पाठीवर, मानेवर फिकट डाग आलेत. आई म्हणतात कोड आहे, घरात रडारड चालू आहे. कोणाला अनुभव?

(धागाकर्ती) नाशिक, माझ्या पुतणीला असेच डाग होते, ते शिबे निघाले. डाग नखाने हलकेच खरवडला तर कोंड्यासारखा भुगा निघाला. कोडात कातडी गुळगुळीत राहते, भुगा निघत नाही. तरी घरी ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते, घामाने वाढते. पुतणीला कीटोकोनॅझोलचा शाम्पू अंगाला लावून काही मिनिटांनी धुवायला सांगितला होता. बुरशी लवकर गेली, रंग यायला मात्र काही महिने लागले, तेवढं आईंना आधीच सांगून ठेवा.