हलक्या पायदळाला मॉर्टर कशी हवी: गाडीवरची की पाठीवरची?

घाटमाथा (धागा सुरू करणारा)

26 जुलै 2025 ला द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी 'भैरव' या हलक्या कमांडो पलटणींची घोषणा केली. तेव्हापासून आम्हा मित्रांत एकच वाद चालू आहे. अशा चपळ पलटणीला स्वतःच्या हातातला मारा लागणार आणि तो मारा म्हणजे मॉर्टर (उंच कमानीत बॉम्ब टाकणारी आखूड नळीची तोफ), इथपर्यंत कुणाचं दुमत नाही. पुढे मात्र दोन तट पडतात. एक तट म्हणतो, 120 मिमीची मॉर्टर चारचाकीवर बसवा. थांबा, मारा आणि निघा. मी दुसऱ्या तटातला आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या पायदळ पलटणीकडे आज 81 मिमीची मॉर्टर असते, सपोर्ट कंपनीत (पलटणीची जड हत्यारं सांभाळणारी तुकडी) सहा. वजन सुमारे 40 किलो. नळी, बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) आणि बेसप्लेट (नळीखालची, धक्का जमिनीत उतरवणारी जड तबकडी) असे तीन भाग सुटे करून तीन जवान पाठीवर घेऊन चढतात. पल्ला 5 किलोमीटर. 120 मिमीचा पल्ला त्याहून बराच जास्त आणि बॉम्ब तिपटीने जड, पण ती माणसाच्या पाठीवर जात नाही. आपल्याकडे ती तोफखान्याच्या लाइट रेजिमेंटकडे असते.

आता सगळ्यांनी कागद-पेन्सिल घ्या. 81 चा बॉम्ब धरा 4 किलोचा. सहा नळ्या, प्रत्येकी मिनिटाला 15 बॉम्ब. म्हणजे एका मिनिटात 90 बॉम्ब, 360 किलो. खेचराच्या पाठीवर 70 ते 80 किलो जातात, म्हणजे एका मिनिटाच्या माऱ्याला पाच खेचरं. ही चर्चा नेहमी नळीच्या पल्ल्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. बॉम्ब वर कसा पोचणार, हे कुणी विचारतच नाही.

1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांची 2 पॅरा ही पलटण गूज ग्रीनवर चालून गेली तेव्हा सगळं पाठीवर न्यायचं होतं, म्हणून दोनच मॉर्टर बरोबर घेतल्या. ऐन लढाईत बॉम्ब संपले. मॉर्टरमध्ये काही खोट नव्हती, पाठी कमी पडल्या.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकी मरीन्सचं. त्यांनी 120 मिमीची फ्रेंच मॉर्टर घेतली, 582 किलोची, आणि ती ओढायला ग्राउलर नावाची छोटी गाडी बनवून घेतली. ऑस्प्रे विमानाच्या पोटात मावली पाहिजे म्हणून गाडी अरुंद. चिलखत जवळजवळ नाही. एक गाडी मॉर्टर ओढणार, दुसरी बॉम्बचा ट्रेलर. 2017 च्या सुमारास मरीन्सनी हे सगळं मोडीत काढायचं ठरवलं. विमानाच्या दाराच्या मापाने गाडी, गाडीच्या मापाने तोफ, आणि शिपायाची गरज शेवटी. असं व्हायला नको.

माझं म्हणणं: 81 मिमीच ठेवा, ती लहान ऑल-टेरेन गाडीवर न्या, पण हवी तेव्हा उतरवून पाठीवर घेता आली पाहिजे. आणि प्रत्येक मॉर्टरच्या गाडीमागे एक गाडी फक्त बॉम्बची.

चाकणचा अभियंता

घाटमाथा, बॉम्बचा हिशोब मान्य. निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

मॉर्टरचा बॉम्ब उंच कमानीत जातो, हवेत बराच वेळ राहतो. रडारला याहून सोपं सावज नाही. आपलंच स्वाती रडार 81 मिमीचा बॉम्ब 2 ते 20 किलोमीटरमध्ये पकडतं आणि कुठून उडाला ते सांगतं. समोरच्याकडे असं काही नसेल, असं धरून चालायचं का? कारगिलच्या वेळी पाकिस्तानकडे अमेरिकी रडार होतं आणि आपल्याकडे नव्हतं, त्याची किंमत आपण मोजली आहे. त्यात आता युक्रेनमध्ये दिसतंय तसं डोक्यावर सतत ड्रोन. मॉर्टर जमिनीवर मांडून, मारून, परत सुटी करून पाठीवर घेईपर्यंत उत्तर येऊन पडलेलं असतं. जी मारते आणि लगेच जागा सोडते, तीच टिकते. त्यासाठी चाकं लागतात.

तुमचं फॉकलंडचं उदाहरण अर्धंच आहे. त्याच युद्धात वायरलेस रिज या टेकडीवर ओल्या, दलदलीसारख्या पीट जमिनीत बेसप्लेट टिकेना, म्हणून मॉर्टरवाले प्लेटवर उभे राहिले आणि काही जणांचे घोटे मोडले. गाडीवरच्या मॉर्टरसाठी कुणाला प्लेटवर उभं राहावं लागत नाही. स्पेनची अलाक्रान पाहा: गाडी थांबली की यांत्रिक हात बेसप्लेट जमिनीवर टेकवतात, धक्का जमीन घेते, गाडीची चासी नाही. काम झालं की प्लेट वर आणि गाडी चालू. युक्रेनने ती आपल्या बार्स-8 गाडीवर घेतली. इस्रायलच्या स्पिअरमध्ये धक्का शोषणारी यंत्रणाच अशी आहे की हम्वी या अमेरिकी लष्करी जीपच्या वर्गातल्या गाडीवरून 120 मिमी मारता येते. हे सगळं आज बाजारात आहे.

आणि पूर्व लडाख म्हणजे काही कारगिलकडच्या बटालिकचे कडे नव्हेत. देपसांग, चुशुलला गाड्या पळतात. पलीकडे चिन्यांनी मेंगशी गाडीवर 82 मिमीची झटपट मारा करणारी मॉर्टर केव्हाच बसवली आहे. आपण खेचरं मोजत बसायचं का?

जुना सुभेदार

मी मॉर्टर प्लाटूनमध्ये बरीच वर्षं काढली. लिहायची सवय नाही, पण इथे राहवलं नाही.

अभियंता साहेब, बेसप्लेटबद्दल तुम्ही वाचलंय, मी ती वाहिली आहे. पाठीवर घेतली की कड खांद्याच्या खाली बसते आणि तासाभराने तिथली कातडी आपली राहत नाही. तरी सांगतो, प्लेट शत्रू नाही. पहिले दोन-तीन बॉम्ब तिला जमिनीत बसवण्यासाठीच जातात. भाताच्या ओल्या शेतात ती इतकी रुतली की दोरी बांधून चौघांनी ओढून काढली. वर उघड्या खडकावर उलटं, ती उडते, दर बॉम्बला नेम हलतो. मग खाली वाळूच्या पिशव्या, पिशव्यांत वाळू नाही म्हणून चाळून घेतलेली माती. हे सगळं गाडीवर होत नाही, खरं आहे.

पण गाडी जिथे थांबते तिथून आमचं काम सुरू व्हायचं. अरुणाचलात रस्ता संपला की पुढे दोन दिवस चाल. ज्या पोस्टला मारा हवा ती रस्त्यापासून 5 किलोमीटरच्या आत असेल, याची खात्री कोण देणार? आणि डोंगरात रस्ता एकच असतो. गाडी मारून निघाली तर कुठे जाणार? पुढे नाही तर मागे, त्याच रस्त्यावर. वरचं ड्रोन तिथेच वाट बघत बसेल. खांद्यावरची मॉर्टर नाल्यात शिरते, खडकामागे बसते, वर जाळी टाकली की दिसत नाही. पळण्यापेक्षा लपणं आम्हाला जास्त कामाला आलं.

देवळालीकर

सुभेदार साहेब, नमस्कार. आपण बोललात ते सोन्यासारखं आहे.

मी तोफखान्याचा. माझी हरकत दोन्ही बाजूंना आहे. 120 मिमी कुणाच्या ताब्यात द्यायची, हा खरा प्रश्न आहे. कारगिलमध्ये साधारण 300 तोफा, मॉर्टर आणि रॉकेट लाँचर मिळून अडीच लाखांच्या वर मारा झाला. तो कामी आला, कारण एकवटलेला होता. चार-चार मॉर्टर प्रत्येक हलक्या पलटणीला वाटून टाकल्या तर कुठेच पुरेसं वजन पडणार नाही.

81 मिमीच पुरेशी, हेही पटत नाही. दगडी संगराला (दगड रचून केलेला मोर्चा), वर लाकडाचे ओंडके आणि माती असेल तर, 81 चा बॉम्ब खरचटून जातो. 120 चा आत जातो. कड्याच्या पलीकडच्या उतारावर, जिथे तोफेचा सरळ मारा पोचत नाही, तिथे जड बॉम्ब वरून टाकणं हे मॉर्टरचं खरं काम. अमेरिकेने 2011 मध्ये अफगाणिस्तानातल्या आपल्या सैन्याला 120 चा जीपीएसवर चालणारा बॉम्ब दिला होता. पन्नास बॉम्ब टाकून जे साधायचं ते दोन-चारांत साधलं, तर घाटमाथा, तुमचा खेचरांचा हिशोबच बदलतो.

सीमाभागातली

मी बेळगावची. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या बाजूलाच वाढले, वडील तिथेच होते. आता ड्रोनच्या सॉफ्टवेअरवर काम करते, म्हणून थेट विचारते: आता मॉर्टर कशाला? एक माणूस पाठीवर दोन-तीन स्फोटक ड्रोन नेतो, 5 किलोमीटरवरचा बंकर दरवाजातून मारतो. बेसप्लेट नाही, घोटे मोडत नाहीत, पन्नास बॉम्ब वाया जात नाहीत. ज्या बापांनी ती ओझी वाहिली त्यांच्या मुलींना हा प्रश्न विचारायचा हक्क आहे, असं मला वाटतं.

जुना सुभेदार

ताई, हक्क पुरेपूर आहे. ड्रोन असता तर आम्ही डोळे मिटून घेतला असता. पण वर दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा उभा माणूस डुलतो. ढग खाली आले की दहा पावलं दिसत नाही. बॅटरी थंडीत किती टिकते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बॉम्बला वारा थोडा ढकलतो, तेवढं नेमात धरता येतं. धुकं त्याला अडवत नाही, आणि त्याचा सिग्नल कुणी तोडू शकत नाही. शिवाय शत्रूला रात्रभर डोकं वर काढू द्यायचं नाही, दर काही मिनिटांनी एक टाकत राहायचं, हे काम ड्रोनने किती वेळ करणार?

ड्रोन मॉर्टरचे डोळे होऊ देत. आमचा फायर कंट्रोलर कड्यावर चढून, जीव धोक्यात घालून बॉम्ब कुठे पडला ते बघायचा. तो माणूस खाली राहिला तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल.

घाटमाथा

दोन गोष्टी मान्य करतो. पूर्व लडाखसाठी माझा हट्ट चुकीचा होता. तिथे गाडीवरची 120 असावी, आणि देवळालीकर म्हणतात तशी तोफखान्याच्या हातात असावी. दुसरं, सीमाभागातली यांचा ड्रोन मॉर्टर प्लाटूनमध्येच असायला हवा, प्रत्येक वेळी वरून मागवायला लागू नये.

पण भैरवसारख्या पलटणीला उद्या कच्छचं रण, परवा सिक्कीम आणि तेरवा मिझोरामच्या सीमेवर टाकलं जाईल. तिची स्वतःची मॉर्टर गाडीला कायमची जखडलेली असेल तर तीनपैकी एकाच ठिकाणी ती मॉर्टर असेल, बाकी दोन ठिकाणी नुसतं ओझं. अमेरिकेच्या स्ट्रायकर मॉर्टर गाडीत 120 बसवलेली असते, तरी पोटात 60 किंवा 81 मिमीची वेगळी नेतात, पायी जाणाऱ्यांसाठी. ती गाडी सतरा-अठरा टनांची, आपल्याला नको. पण तो विचार मला बरोबर वाटतो.

चाकणचा अभियंता

उतरवता येणारी हवी असेल तर एक तांत्रिक गोष्ट ऐका. गाडीवर धक्का शोषणारी यंत्रणा वेगळी आणि जमिनीवर बेसप्लेट वेगळी, असे दोन संच लागतात. वजन वाढतं. मधली जोडणी सैल राहिली तर नेम जातो, फार घट्ट केली तर सुटत नाही. मी स्वतः अशा जोडण्यांवर काम केलंय, वाहनं वेगळी होती, पण धूळ आणि चिखल सारखाच. कागदावर 'दोन मिनिटांत उतरते' असं लिहिलेलं असतं. ती दोन मिनिटं स्वच्छ शेडमधली असतात.

तरी सुभेदार साहेबांचं एकच रस्त्याचं म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून 81 साठी उतरवायची सोय हवी, इतकं मी मागे येतो. 120 साठी नाही.

जुना सुभेदार

अभियंता साहेब, तुमच्यासारख्यांनी ही मॉर्टर बनवली तर मला भरवसा वाटेल, म्हणून चाचणी कशी घ्यावी तेवढं सांगतो.

14 हजार फुटांवर घ्या, खाली मैदानात नको. रात्री घ्या, दिवा न लावता. पोरांच्या हातात जाड मोजे असू देत, कारण मोजे काढून थंड नळीला हात लावला की कातडी चिकटून राहते. पिना आणि बोल्ट मोज्यातल्या बोटांना सापडले पाहिजेत. एखादी पिन अंधारात खाली पडली तर ती दगडात परत मिळत नाही, म्हणून प्रत्येक पिन साखळीने बांधलेली हवी. आणि डिटॅचमेंटमधला (एका मॉर्टरवरची टोळी) सगळ्यात नवा पोरगा नंबर एक, म्हणजे मॉर्टरवरचा मुख्य माणूस, म्हणून ठेवा, कसलेला माणूस नको. त्याने उतरवली, मांडली, पहिला बॉम्ब सोडला, की घड्याळ बघा.