सेगाला सोनीने मारलं की सेगाने आपणच आपल्या पायावर धोंडा पाडला?

खडखड्या_कंट्रोलर

एक्सबॉक्सवाले म्हणजे मायक्रोसॉफ्ट हल्ली स्वतःचे गेम सोनीच्या प्लेस्टेशनवर विकतायत, २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ तिकडे गेला, ऑक्टोबरात हेलो पण जाणार म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून जो उठतो तो म्हणतो मायक्रोसॉफ्टची सेगा झाली, म्हणजे स्वतःचं गेमचं मशीन सोडून दुसऱ्यांच्या मशीनसाठी गेम बनवणारी कंपनी. बरं, सेगाचं नक्की काय झालेलं असं विचारलं की ठरलेलं उत्तर, सोनी आली, पैसा ओतला, सेगा खलास. मला हे अजिबात पटत नाही. सोनीला आयतं वाढलेलं ताट मिळालं आणि वाढणारी सेगाच.

१९९१ ला सोनिक हा गेम आला तेव्हा सेगा काय तोऱ्यात होती आठवा. टॉम कॅलिन्स्के, सेगा ऑफ अमेरिकाचा प्रमुख, आधी मॅटेलमध्ये म्हणजे बार्बीवाल्या कंपनीत असलेला माणूस, त्याने अमेरिकेत जेनेसिस या मशीनची किंमत उतरवली (बाकी जगात ज्याला मेगा ड्राइव्ह म्हणतात तेच), सोनिक डब्यातच फुकट दिला, जाहिरातीत निंटेंडोला सरळ नाव घेऊन हिणवलं. १९९३ ला मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम दोन्हीकडे आला तर निंटेंडोने रक्ताचा रंग करडा करून घाम म्हणून खपवला, सेगावर कोड टाकला की लाल रक्त चालू. पोरांनी कुठला घेतला हे सांगायला नको.

आणि मग? १९९२ ला अमेरिकेत सीडीवरचे गेम चालवणारी सेगा सीडी, २९९ डॉलर, ती मूळ मशीनला जोडायची. १९९४ च्या नोव्हेंबरात ३२एक्स, १५९ डॉलर, ते त्याच मशीनच्या डोक्यावर खोचायचं. आणि ज्या आठवड्यात ३२एक्स अमेरिकेत दुकानात लागलं त्याच आठवड्यात जपानमध्ये सॅटर्न हे नवंकोरं मशीन विकायला काढलं! आईबापांनी किती वेळा पैसे द्यायचे?

त्यावर कळस म्हणजे ११ मे १९९५. लॉस एंजेलिसला ई३ या गेमच्या प्रदर्शनाचं पहिलंच वर्ष, सॅटर्न २ सप्टेंबरला येणार हे सगळ्यांना माहीत आणि कॅलिन्स्के स्टेजवरून सांगतो की अहो आजपासूनच मिळतोय, ३९९ डॉलर. कुठे, तर निवडक चार दुकान-साखळ्यांत, बाकीच्यांना पत्ताच नाही. केबी टॉइज एवढी भडकली की सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. बाहेरच्या कंपन्यांचे गेम सप्टेंबरच्या हिशोबाने चाललेले, त्यामुळे मशीन आहे पण खेळायला जेमतेम सहा गेम. नंतर सोनीचा स्टीव्ह रेस स्टेजवर आला, माईकवर प्लेस्टेशनची किंमत म्हणून "२९९" म्हणाला आणि जाऊन बसला. टाळ्यांचा कडकडाट. यात सोनीने काय मारलं सांगा मला.

बायोस_काका

धागा चांगला आहे पण निष्कर्ष उलटा काढलाय.

तो २९९ आकडा आला कुठून याचा विचार करा ना. सोनी सीडी ड्राइव्ह स्वतः बनवत होती, सीडी स्वतः छापत होती, चिप बनवायची अक्कल आणि कारखाने घरचे. सेगाला प्रोसेसर हिताचीकडून घ्यावे लागायचे, आणि सॅटर्नमध्ये ते एक नाही दोन, एसएच-२. दोन का? तर सोनीच्या मशीनमध्ये काय काय आहे हे कानावर आल्यावर सेगाच्या लोकांची झोप उडाली आणि जे डिझाइन होतं त्यात भर घातली. म्हणजे मशीन महाग झालं सोनीमुळे, प्रोग्रॅमिंग किचकट झालं सोनीमुळे. दोन प्रोसेसरवर काम वाटून द्यायचं तेव्हा फार कमी लोकांना जमायचं, त्यात सॅटर्न चौकोनांनी थ्रीडी काढायचा आणि बाकी सगळं जग त्रिकोणांनी. एकाच स्टुडिओला दोन्हीकडे गेम द्यायचा असेल तर तो पहिला कुठे बनवेल?

आणि मे महिन्यातली ती घाईसुद्धा सोनीच्या धाकानेच, कारण प्लेस्टेशन ९ सप्टेंबरला येणार होतं. समोरच्याने बंदूक दाखवली म्हणून कोणी गच्चीवरून उडी मारली तर त्याला आत्महत्या म्हणता का तुम्ही?

खडखड्या_कंट्रोलर

काका, निंटेंडोनेही तीच बंदूक पाहिली होती, तिने नाही मारली उडी. एन ६४ हे आपलं नवं मशीन अमेरिकेत १९९६ च्या सप्टेंबरात आणला, सावकाश.

टोटल_टाइमपास

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मारिओची_मावशी

दोघंही अर्ध्यातून गोष्ट सुरू करताय. सोनीला या धंद्यात आणलं कोणी? निंटेंडोनेच! मी निंटेंडोची पंखी आहे तरी सांगते.

सोनीचा केन कुतारागी सुपर निंटेंडोची साउंड चिप करत होता, त्यातून ठरलं की निंटेंडोसाठी सीडीवालं मशीन सोनी बनवणार. जून १९९१, शिकागोचं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन, सोनीने थाटात जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोने सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर जातोय. भर मांडवात नवरी उठून गेली. निंटेंडोचे प्रमुख यामाउची यांना करारात खटकलं ते हे की सीडीवरच्या गेमचे हक्क सोनीच्या हातात जात होते, त्यामुळे धंदा म्हणून त्यांचं बरोबरच होतं, पण सांगायची ही कुठली पद्धत? त्यानंतर सोनीचे अध्यक्ष ओहगा यांनी कुतारागीच्या पाठीशी उभं राहून १९९३ मध्ये वेगळी कंपनीच काढली, सोनी म्युझिकला बरोबर घेऊन.

आणि बाहेरचे गेमवाले सोनीकडे धावले ते काय नुसत्या पैशाला भुलून? निंटेंडोचे नियम आठवा, वर्षाला पाचच गेम, तो गेम दोन वर्षं दुसरीकडे द्यायचा नाही, कार्ट्रिज म्हणजे गेमची डबी निंटेंडोच छापणार, पैसे आधी भरा, माल खपला नाही तर तुमचं तुम्ही बघा. सीडीचा खर्च त्यामानाने काहीच नाही आणि माल संपला तर झटपट पुन्हा छापून मिळणार. एन ६४ ला पुन्हा कार्ट्रिजच ठेवलं तेव्हा गेम बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीने रामराम केला, १९९७ ला फायनल फँटसी ७ प्लेस्टेशनवर तीन सीडींवर आला, तेवढा माल कार्ट्रिजमध्ये मावणारच नव्हता. सोनी जिंकली ती निंटेंडोला कंटाळलेल्या लोकांच्या जोरावर, सेगा मधल्या मधे सापडली.

जॉयस्टिक_जोशी

मावशींना +१, पण मग निंटेंडो का नाही मेली हा खरा प्रश्न आहे ना? एन ६४ जेमतेम सव्वातीन कोटी, प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर. त्याच्या पुढचा गेमक्यूब तर सव्वादोन कोटीसुद्धा नाही. एवढं हरून कंपनी फायद्यात. कारण गेमबॉय, हातात धरून खेळायचं छोटं मशीन. १९८९ पासून घरात दुभती म्हैस बांधलेली आणि १९९६ ला त्यावर पोकेमॉन आला, मोठ्या मशीनचं दुकान चार वर्षं बसलं तरी चूल पेटत होती. सेगाचा तसलाच गेम गिअर रंगीत होता, दिसायला गेमबॉयपेक्षा कितीतरी भारी, पण सहा पेन्सिल सेल घालायचे आणि ते काही तासांत बसायचे. तिथे कमाई उभी राहिली नाही. म्हणून सेगाला घरच्या मशीनमध्ये एक जरी डाव हुकला तरी परवडणार नव्हतं. सोनीकडे टीव्ही होते, निंटेंडोकडे गेमबॉय, सेगाकडे आर्केड म्हणजे नाणी टाकून खेळायची मोठी मशीनं, आणि आर्केडला नव्वदीच्या शेवटी शेवटी ओहोटीच लागलेली.

कोणी कोणाला मारलं यापेक्षा कोणाला मार खाऊन उभं राहणं परवडलं हे बघा.

बे_एरियावाला

एक महत्त्वाची गोष्ट राहतेय, सेगा ऑफ अमेरिका आणि सेगा जपान यांचं आपसात पटत नव्हतं. कॅलिन्स्केने मुलाखतींत सांगितलंय की सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची चिप त्याने टोकियोला दाखवली, त्यांनी नाही म्हटलं, तीच पुढे निंटेंडोकडे गेली. सोनीबरोबर मिळून एकच मशीन काढायची बोलणी पण टोकियोनेच फेटाळली म्हणतो. मे मधलं ते अचानक लाँच, तेही जपानकडून लादलेलं. हे सगळं बघता सेगा आतूनच फुटलेली होती, खडखड्याशी सहमत.

बायोस_काका

कॅलिन्स्के म्हणतो, कॅलिन्स्के म्हणतो. प्रत्येक चूक जपानची आणि प्रत्येक शहाणपणाची गोष्ट याची, असं कसं हो? ३२एक्सच्या मागे अमेरिकेची टीम जोरात होती हे का नाही सांगत कोणी. आणि ज्या जपानी ऑफिसला तुम्ही बुद्धू ठरवताय त्यांनी जपानमध्ये सॅटर्न एन ६४ पेक्षा जास्त विकला. तिथे व्हर्चुआ फायटर या गेममुळे लोक रांगा लावत होते. ज्या मेगा ड्राइव्हवर अमेरिकेत सेगाची दिवाळी झाली तो जपानमध्ये तिसऱ्या नंबरवर, पीसी इंजिन या मशीनच्याही मागे. मग टोकियोवाल्यांनी आपल्या बाजारात चालणाऱ्या मशीनवर जोर दिला तर ते चुकलं काय? मार्केट दोन, कंपनी एक, हा तिढा कोणालाच सुटला नसता.

खडखड्या_कंट्रोलर

बरं ते सोडा, १९९७ घ्या. बर्नी स्टोलार, सोनीतूनच आलेला, सेगा ऑफ अमेरिकाचा वरचा माणूस, ई३ मध्ये उघडपणे सांगतो की सॅटर्न हे काही आमचं भविष्य नाही. अरे बाबा नवीन मशीन यायला अजून दोन वर्षं आहेत! त्या वाक्यानंतर कोण सॅटर्न घेईल आणि कोण त्यासाठी गेम बनवेल? पुढे त्याच माणसाने ड्रीमकास्ट या नव्या मशीनला १९९९ मध्ये १९९ डॉलरवर आणायचं ठरवलं, ९-९-९९ ही तारीख गाजवली, आणि लाँचच्या तोंडावर ऑगस्टमध्ये त्यालाच काढून टाकलं. सांगा आता यात सोनी कुठे आहे.

बे_एरियावाला

ड्रीमकास्ट मी घेतला होता, अजून चालतो. आत मोडेम, फोनची वायर लावायची आणि ऑनलाइन, तेही १९९९ मध्ये. अमेरिकेत पहिल्या २४ तासांत सव्वादोन लाखांच्या वर खपले. मशीन म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही, मग तरी ३१ मार्च २००१ ला बंद? इथे मात्र मला काकांचं पटतं.

बायोस_काका

आता कसं बोललात. ड्रीमकास्टमध्ये सेगाने जवळजवळ सगळं नीट केलं तरी मेली, म्हणजे तुमची आत्महत्येची थिअरी इथेच आपटते. सोनीने प्लेस्टेशन २ ची घोषणा मार्च १९९९ लाच करून ठेवली, ड्रीमकास्ट अमेरिकेत यायच्या सहा महिने आधी. इमोशन इंजिन नावाची चिप काय, डीव्हीडी काय, जुने प्लेस्टेशनचे गेम चालणार काय. लोक म्हणाले थांबू की जरा. जपानमध्ये मार्च २००० ला आलं तेव्हा कित्येकांनी ते डीव्हीडी प्लेअर म्हणूनच घेतलं. हात न लावता मारलं ते असं, आणि हे फक्त ज्याच्या मागे मोठं नाव आहे तोच करू शकतो.

ईए ही बडी गेम कंपनीसुद्धा सोनीची पहिली लाट बघून थांबली.

जॉयस्टिक_जोशी

ईएचं तसं नाही काका. स्टोलारच्या सांगण्यानुसार ईएला ड्रीमकास्टवर खेळांच्या गेममध्ये दुसरा कोणी नको होता, आणि सेगाने नुकताच व्हिज्युअल कन्सेप्ट्स स्टुडिओ विकत घेतलेला, त्यांचा एनएफएल २के हा अमेरिकन फुटबॉलचा गेम तयार होत होता. सेगाने नाही म्हटलं, ईएने पाठ फिरवली. अमेरिकेत ईएचा त्याच खेळाचा मॅडन नसलेलं मशीन म्हणजे निम्मे ग्राहक दारातूनच परत.

डीव्हीडीवाला_दादर

कोणी पायरसीचं बोललंच नाही. ड्रीमकास्टचे गेम जीडी-रॉम या वेगळ्या डिस्कवर होते पण मिल-सीडी नावाच्या सोयीतून भोक सापडलं आणि साध्या सीडीवर कॉपी करून चालायला लागले, मशीन न उघडता, चिप न बसवता. तिथे सेगा बुडाली.

मारिओची_मावशी

पायरसीने कंपनी बुडत असती तर सोनी आधी बुडायला हवी होती. आपल्याकडे तर कॉपी केलेले गेम चालावेत म्हणून चिप मारलेला पीएस२ हाच नियम होता, लॅमिंग्टन रोडला जाऊन ओरिजिनल गेम मागितला असता तर दुकानदाराने वर खाली बघितलं असतं. तरी पीएस२ जगात सगळ्यात जास्त खपलेलं मशीन, साडेपंधरा कोटींच्या वर. पायरसी दुखणं वाढवते, पण आधी अंगात ताकद असली की माणूस निभावून नेतो.

अवांतर: नव्वदीत आपल्याकडे बहुतेकांनी ना सेगा पाहिली ना निंटेंडो, आपण सगळे निंटेंडोच्याच फॅमिकॉम मशीनच्या नकलेवर ९९९९-इन-१ ची कार्ट्रिज फुंकत मोठे झालो, त्यात गेम सात-आठच असायचे. हे युद्ध आपल्याकडे मासिकांतून आणि परदेशातल्या मामाकडून आलं.

टोटल_टाइमपास

ब्राझीलमध्ये टेकटॉय कंपनीवाले सेगाचं जुनं मशीन मास्टर सिस्टम अजून अजून विकत राहिले म्हणे, कितीतरी वर्षं. सेगा तिथे मेलीच नाही 😄

जॉयस्टिक_जोशी

खरं आहे ते. तिथे बाहेरून येणाऱ्या मालावर जबर कर, टेकटॉयने माल तिथेच बनवला. युरोपातही मास्टर सिस्टमने निंटेंडोला चांगलंच मागे टाकलं होतं. एकच कंपनी, प्रत्येक देशात वेगळी पत्रिका.

मूळ मुद्द्यावर येतो, मायक्रोसॉफ्टची सेगा झाली का? नाही. सेगा शेवटी कोणाच्या जिवावर तरली बघा, चेअरमन इसाओ ओकावा. त्या माणसाने मार्च २००१ मध्ये वारण्यापूर्वी आपले सुमारे ६९.५ कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. नाहीतर गेम बनवायलाही सेगा उरली नसती. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीवाली अॅक्टिव्हिजन घ्यायला जवळपास ६९ अब्ज डॉलर मोजले. एवढे घातल्यावर कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवर विकणं ही शरणागती नाही, वसुली आहे.

खडखड्या_कंट्रोलर

वसुलीच करायची तर मग पेटी कशाला बनवताय हा प्रश्न राहतोच. सेगाला पैसे नव्हते म्हणून तिने मशीन सोडलं. यांच्याकडे पैसा आहे, स्टुडिओ आहेत, आणि तरी एक्सबॉक्स घ्यायचं एक कारण यांना सांगता येत नाही. हेलो सोनीकडे मिळणार, फोर्झा मिळतोय. काका, इथे तर सोनीने बोट पण उचललं नाही, की याला पण धाकच म्हणणार?

बायोस_काका

२०१३ मध्ये एक्सबॉक्स वन किनेक्ट कॅमेऱ्यासकट ४९९ ला आणि पीएस४ ३९९ ला. पुन्हा तेच शंभर डॉलर. धाक म्हणा नाहीतर काय पण म्हणा, त्या पिढीत लोकांनी आपली डिजिटल लायब्ररी सोनीकडे बांधली आणि आता ती सोडून कोणी हलत नाही.