शब्दचर्चा: 'आधुनिक मूर्तिपूजा' म्हणजे नेमकं काय, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

मुद्रितशोधक:
नमस्कार मंडळी. उपवासकाळात आमच्या चर्चची एक छोटी पुस्तिका निघते. तिची मुद्रितं माझ्याकडे येतात. यंदा एका लेखाचं शीर्षक आहे 'आधुनिक मूर्तिपूजा'. लेखात मूर्तीचा पत्ता नाही. पैसा, मोबाईल, मुलांचे मार्क, पुढारी, जिममध्ये कमावलेलं शरीर अशी यादी आहे आणि प्रत्येकापुढे 'ही आजची मूर्तिपूजाच होय' असं ठोकून दिलंय. डीटीपी करणाऱ्या दादांनी पान लावता लावता विचारलं, "मोबाईलचं समजलं हो, पण त्यात मूर्तिपूजेला कशाला ओढलंत?" दादांच्या संगणकाशेजारी हार घातलेला गणपती होता.

तर प्रश्न दोन. ख्रिस्ती लिखाणात हा शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने येतो? आणि तोच अर्थ सरळ पोचवणारा दुसरा मराठी शब्द आहे का?

(आधीच सांगून ठेवतो: सुटा 'मूर्ती' दीर्घ, समासात 'मूर्तिपूजा' ऱ्हस्व. त्यावर प्रतिसाद नकोत.)

नगरकर:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. नव्या करारातला ग्रीक शब्द 'एइदोलोलात्रिया'. त्यातला 'एइदोलोन' म्हणजे आभास, छाया. होमरच्या काव्यात मेलेल्यांच्या सावल्यांना हा शब्द वापरलाय. ग्रीक लोक आपल्या देवळातल्या पुतळ्याला मानाने 'आगाल्मा' म्हणायचे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये नेणाऱ्या यहुदी भाषांतरकारांनी तो मानाचा शब्द बाजूला ठेवला आणि 'एइदोलोन' उचलला. म्हणजे शब्द निवडतानाच निकाल लावला. हिब्रू शब्द तर आणखी कडक आहेत. 'एलीलिम' म्हणजे कुचकामी गोष्टी. 'हेवेल' म्हणजे वाफ. यिर्मया संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की तुमचे पूर्वज वाफेच्या मागे लागले आणि स्वतःच वाफ झाले.

आता आपला 'मूर्ती' पाहा. मूर्त म्हणजे आकाराला आलेलं, घट्ट झालेलं. ग्रीक शब्द सावलीकडून आला, आपला घनतेकडून. मराठी बायबल करणाऱ्यांपुढे दुसरा सोयीचा शब्द नव्हता हे मान्य. पण ग्रीक शब्दातला तुच्छभाव मराठी शब्दात मुळातच नाही. तो प्रवचनकाराला वरून ओतावा लागतो, आणि ओतताना तो शेजाऱ्याच्या देवघरात सांडतो.

शब्दाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, पण त्याकडे कोणी पाहत नाही. 'लात्रिया' म्हणजे मुळात चाकरी, मजुरीवर केलेलं काम. म्हणजे रोख 'कशापुढे उभे राहता' यापेक्षा 'कोणाची चाकरी करता' यावर. म्हणून तर प्रेषित पौल नव्या करारातल्या कलस्सैकरांस पत्रात (३:५) सरळ लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो, आणि इफिसकरांस पत्रात (५:५) लोभी माणसाला मूर्तिपूजक. तिथला ग्रीक शब्द 'प्लेओनेक्सिया', आणखी हवं, आणखी हवं ही खोड. घरात एक पुतळा नसला तरी हा माणूस पौलाच्या हिशेबी मूर्तिपूजकच. त्याच्याही कितीतरी आधी यहेज्केल (१४:३) इस्राएलाच्या वडीलधाऱ्यांनी हृदयातच मूर्ती बसवल्याचं सांगतो. तेव्हा तुमच्या लेखकाचा 'आधुनिक' अर्थ अडीच हजार वर्षांचा आहे.

पेणकर:
मी ख्रिस्ती नाही, पण पेणचा आहे, त्यामुळे मूर्ती या विषयावर बोलायचा थोडा हक्क सांगतो. आमच्या आळीत गणपती रांगेने सुकत असतात आणि पोरं त्यातून वाट काढत पळतात. सोंडेला धक्का लागला की कारागीर ओरडतो, पण ते माल खराब झाला म्हणून. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, ती हात बसलेल्या माणसाकडेच. तोवर तिथे कोणी हात जोडत नाही. घरी आणून प्राणप्रतिष्ठा झाली की पूजा. उत्तरपूजा करून, अक्षता वाहून मूर्ती जराशी जागची हलवली की विसर्जनाला मोकळी. यशयाचा ४४ वा अध्याय मी वाचलाय. सुतार एकाच लाकडाच्या अर्ध्या भागावर भाकर भाजतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. विनोद झकास आहे, पण ती माती आहे हे आम्हालाही ठाऊक असतं हो. म्हणून तर पाण्यात सोडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शब्द हवे तितके आहेत. 'देव्हारा माजवणे' बघा. जी गोष्ट देव नाही तिला देवपण देऊन तिचं प्रस्थ वाढवणे, अगदी तुम्हाला हवा तोच अर्थ. शिवाय तो शब्द देव्हारा पूजणाऱ्यांनीच घडवलाय, त्यामुळे कोणाला लागत नाही. दुसरा, 'भजनी लागणे'. 'तो पैशाच्या भजनी लागलाय' म्हटलं की माझ्या आजीलाही पुढचं सांगावं लागत नाही.

मुद्रितशोधक:
'देव्हारे माजवणे' लगेच टिपून घेतलं. पण त्यात गाजावाजा आहे. लोभ बहुतेक वेळा बिनबोभाट चालतो. त्याचं काय?

वसईकर:
आम्हा कॅथलिकांसाठी हा शब्द दुधारी आहे. डीटीपीवाले दादा एका बाजूने विचारतात, तर प्रोटेस्टंट मित्र दुसऱ्या बाजूने घरातल्या मारियामातेच्या पुतळ्याकडे बोट दाखवतात. हा वाद ख्रिस्ती मंडळात आठव्या शतकात रक्त सांडेपर्यंत गेला होता. इ.स. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने तोडगा काढला: 'लात्रिया' फक्त देवाला. प्रतिमेला द्यायचं ते वंदन, आणि ते प्रतिमेत न थांबता ती ज्याची आहे त्याला पोचतं. मराठीत आपण दोन्हीकडे 'पूजा' वापरतो आणि मग भांडत बसतो. आमच्याकडचे जाणते धर्मगुरू 'आराधना' आणि 'आदर' असे दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे ठेवतात.

आता तुमच्या यादीबद्दल. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २११३ मध्ये अशीच यादी आहे. निर्मात्याच्या जागी निर्मितीला बसवणं ही मूर्तिपूजा, असं म्हणून पुढे सत्ता, सुख, वंश, पूर्वज, राज्यसंस्था, पैसा अशी उदाहरणं दिलीत. त्यातले 'वंश' आणि 'राज्यसंस्था' आमच्या प्रवचनात मी क्वचितच ऐकलेत. मोबाईल मात्र दर वर्षी असतो. मोबाईलवर बोललं की सगळे माना डोलावतात आणि कोणी दुखावत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, मोशेच्या काळी इस्राएलाने पूजलेल्या सोन्याच्या वासराचं नवं रूप म्हणून पैशाच्या पूजेवर आणि माणूस हरवलेल्या अर्थव्यवस्थेवर लिहिलं, ते निदान कोणाला तरी बोचलं होतं.

अवांतर: युवकांच्या शिबिरात 'आयडॉल' शब्द वापरू नका. पोरांना गाण्याची स्पर्धा आठवते. 'माझा आयडॉल कोण' यावर त्यांनी शाळेत निबंध लिहिलेला असतो. त्यांच्या मराठीत तो शुद्ध कौतुकाचा शब्द आहे.

शाळेतल्या बाई:
'पूजन' शब्दावरून माझी रोजची अडचण सांगते. मी ख्रिस्ती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. टेबलावर फोटो, झेंडूचा हार, नारळ, उदबत्ती. मी हार घालते, उदबत्ती आमच्या सहकारी बाई लावतात. कोणी काही बोलत नाही, सगळ्यांना समजतं. पण अहवालात वाक्य ठरलेलं: 'सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेचे पूजन करण्यात आले.' ते मीच लिहिते. इथल्या 'पूजना'त आराधना औषधालाही उरलेली नाही, ते झिजून अभिवादन झालंय. सासूबाईंना मात्र ते वाक्य अजून खटकतं.

आणि त्याच सासूबाईंच्या नातवाला नववी-दहावी अशी दोन्ही वर्षं रविवारच्या उपासनेतून सूट होती, कारण क्लासची टेस्ट रविवारीच असायची. निकाल लागला तेव्हा टक्क्यांसकट त्याचा फोटो मोठा करून बैठकीत लावला, येशूच्या तसबिरीच्या अगदी शेजारी, तिच्याहून जरा मोठ्या चौकटीत. याला आमच्या घरात मूर्तिपूजा कोणी म्हणालं नाही. हाराला म्हणाले.

नगरकर:
बाई, तुमची चौकट त्या पुस्तिकेत जायला हवी!

मुद्रितशोधक, मघाशी बिनबोभाट लोभाला शब्द विचारलात. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेवर लिहिताना व्याख्याच केली आहे: ज्यावर तुझं मन टांगलेलं आहे आणि ज्यावर तू विसंबतोस, तो खरोखर तुझा देव. आणि लगेच म्हणतो की जगात सगळ्यात जास्त चालणारी मूर्ती म्हणजे मामोन. मत्तय ६:२४ मध्ये मराठीत तिथे 'धन' येतं. 'मामोन' या अरामी शब्दाचं मूळ काही अभ्यासक भरवसा ठेवण्याच्या धातूशी जोडतात, ज्यातून 'आमेन' आलं. यासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे: भिस्त. 'सगळी भिस्त एफडीवर.' 'सगळी भिस्त साहेबांवर.' यात गाजावाजा नाही, मूर्ती नाही, शेजारी नाही. फक्त मी आणि ज्यावर माझा भार आहे ती गोष्ट.

आणि चांगल्या गोष्टीही यातून सुटत नाहीत. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप केला. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). आमच्याकडे चर्चची इमारत, मिशनची जमीन, क्वायर, पाळकसाहेबांचा फ्लेक्स, सगळं त्या सापाच्या रांगेत उभं करता येईल. नावं घेत नाही, नगरात राहायचंय.

पेणकर:
'भिस्त' एकदम पटलं. राजकारणापुरता एक जोडतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा, ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट. 'विभूतिपूजा', 'व्यक्तिपूजा' हे शब्द मराठीत चांगले रुळलेत. हल्ली 'भक्त' शब्दच टोमणा झालाय, म्हणजे गरज लोकांना जाणवतेय.

नगरकर:
जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांनी १९३४ मध्ये बार्मेन इथे हेच वेगळ्या भाषेत मांडलं. ख्रिस्ताच्या शब्दाखेरीज दुसरी कोणतीही सत्ता, घटना किंवा व्यक्ती देवाचं प्रकटीकरण म्हणून मंडळीने मानू नये, असा ठराव. समोर कोण होतं ते सांगायला नको. तिथेही मूर्ती एकही नव्हती, फक्त मिशीवाला एक फोटो घरोघरी.

तरी एका बाबतीत मी अडून बसणार. 'मूर्तिपूजा' हा शब्द पुरता हद्दपार करू नका. लोभ हा प्रतिष्ठित दुर्गुण आहे. लोभी माणसाला आपण हुशार, धोरणी, संसारी म्हणतो. पौलाने मुद्दाम जवळचा सर्वात अपमानकारक शब्द त्याला चिकटवला. 'भिस्त' म्हटलं की तो डंख जातो.

वसईकर:
डंख कोणाला, हा प्रश्न आहे. पौलाचे कलस्सैतले वाचक बहुतेक त्याच देवळांतून नुकते बाहेर आलेले. तो शब्द त्यांच्या स्वतःच्या कालपरवाच्या आयुष्यावर पडत होता. आमच्या वसईत पंधरा पिढ्या झाल्या. आमच्या कानाला 'मूर्तिपूजा' म्हणजे पलीकडच्या आळीतलं काहीतरी. ऐकणारा निवांत बसतो आणि दुखावतो तो पलीकडचा, ज्याच्याशी तुम्ही बोलतच नव्हता. वचन उद्धृत करताना शब्द असू द्या, वचन बदलायचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या वाक्यात मात्र तो वापरायचा तर आधी बाईंच्या बैठकीतल्या चौकटीसाठी वापरून दाखवावा.

नगरकर:
हं. बाईंच्या सासूबाईंसमोर? तुम्हीच दाखवा.

मुद्रितशोधक:
सर्वांचे आभार. लेखकाशी फोनवर बोललो. शीर्षक 'भिस्त कोणावर?' असं ठरलं. 'मूर्तिपूजा' फक्त कलस्सैच्या वचनात राहील. 'देव्हारे माजवणे' पुढाऱ्यांच्या परिच्छेदात गेलं. 'भजनी लागणे' त्यांनी नाकारलं, म्हणाले आपण दर रविवारी चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो, वाचक बुचकळ्यात पडेल. मुद्दा खरा आहे.

यादीत 'वंश' आणि 'राज्यसंस्था' घालता का, असंही विचारलं. म्हणाले, पानावर जागा नाही.

पेणकर:
मोबाईलचा परिच्छेद काढा. होईल जागा.